गवताचंही वावर असतं

सकाळी आठच्या सुमारास आखरावर ढोरं जमायची. कोणी गाय हाकलून द्यायचं, कोणी पोराच्या हाती काठी देऊन म्हैस पाठवायचं. गायकी खांद्यावरचं घोंगडं सावरत उभा असायचा. शेवटचं जनावर आलं की खांड गावाबाहेर निघायची, नाल्याच्या काठानं ई-क्लासात शिरायची आणि दिवस कलताना धूळ उडवत परत यायची. वऱ्हाडातल्या पन्नाशीपुढच्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

त्या चित्रातली एक गोष्ट मात्र फार थोड्यांच्या लक्षात यायची. काल ज्या अंगाला खांड चरली, त्या अंगाला गायकी आज तिला नेत नसे. लहानपणी मी आमच्या गायकीला कारण विचारलं होतं. तो म्हणाला, “तिकडचं गवत अजून उठलं नाही.” एवढं बोलून तो पुढं चालू लागला.

गवताला उठायला वेळ द्यायचा, हे त्या माणसाचं सगळं शास्त्र होतं. कुरणाच्या जाड पुस्तकांत चराईबद्दल जे सांगितलेलं असतं, त्याचा गाभाही हाच आहे. आज अमरावती-अकोल्याच्या बहुतेक गावांत गायकी उरलेला नाही, आखराच्या जागेवर सभामंडप नाहीतर दुकानं उभी आहेत आणि ई-क्लासावर गवतापेक्षा तरोटा जास्त दिसतो. ढोरं पाळणं परवडत नाही, अशी तक्रार घरोघरी आहे. ती खरी आहे. पण तिचं मूळ जनावराच्या भावात किंवा दुधाच्या दरात जितकं आहे, तितकंच ते आपण गवताला पीक मानणं सोडलं यात आहे. वावराची मशागत असते, पाळी असते, राखण असते, कापणीची वेळ असते. कुरणालाही हे सगळं लागतं. कुरण हेही गवताचं वावरच आहे.

रमणा आणि ई-क्लास

गावच्या चराईच्या जमिनीला इतरत्र गायरान म्हणतात, आपल्याकडे ‘ई-क्लास’. जमिनीला असे वर्ग लावायची सवय इंग्रजी अमदानीतली. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. पुढे १८८६ च्या वऱ्हाड वन कायद्याच्या काळात सरकारी जंगलाचे तीन वर्ग ठरले. ‘ए’ वर्ग इमारती लाकडाचा आणि सरपणाचा, ‘बी’ वर्ग गवतासाठी राखलेल्या रमण्यांचा आणि ‘सी’ वर्ग गुरचराईचा.

या व्यवस्थेचा डोळा सरकारी उत्पन्नावर होता आणि चराईवर पट्टीही बसवलेली होती. तिचं गुणगान करायचं कारण नाही. पण तिच्यात एक समज होती: गवत कापायची जागा वेगळी आणि चारायची जागा वेगळी. रमण्यात दिवाळीपर्यंत ढोरं शिरत नसत. गवत पुरतं वाढायचं, बी धरायचं, मग विळा लागायचा आणि गंजी रचल्या जायच्या. उन्हाळ्याचा चारा असा पावसाळ्यातच राखला जात होता.

ही राखण आज कागदावर कुठंतरी आहे आणि जमिनीवर जवळपास नाही. ई-क्लासावर कुठं घरं आहेत, कुठं शेती, कुठं मुरमाच्या खदानी. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्यानंतरही प्रश्न सोपा झाला नाही. ई-क्लासावरच्या वहितीतली काही भूमिहीन कुटुंबांच्या पोटाची आहे आणि तिला एकाच मापानं मोजणं अन्यायाचं होईल. शिवाय अतिक्रमण निघालं म्हणून गवत येतं असंही नाही. ज्या जमिनीचा कोणी वाली नाही, तिच्यावर आधी तरोटा येतो, मग बाभळीची काटेरी झुडपं येतात आणि मग पुन्हा कोणाचा तरी नांगर येतो.

एक गड्डा उपटून पाहा

गवताचा विचार करायचा तर सुरुवात मुळांपासून करावी. कार्तिकात एक कुदळ घेऊन ई-क्लासात जा. बोरीच्या काट्यांनी आपोआप कुंपण झालेल्या एखाद्या जागेतला पवन्याचा गड्डा खणून काढा आणि तिथून पन्नास पावलांवर, ढोरांच्या रोजच्या वाटेवरचा दुसरा गड्डा काढा. दोन्ही शेजारी ठेवा. काट्यांआडच्या गड्ड्याला मुळांची दाट जटा असते. ती मुरमाच्या भेगांतून खोल गेलेली असते आणि तिच्यात माती अशी घट्ट अडकते की झटकली तरी पडत नाही. वाटेवरच्या गड्ड्याची मुळं वीतभरही नसतात आणि माती हातातच सुटते. गवत एकच, पाऊस एकच. फरक राखणीचा.

गवताची वाढ शेंड्यातून होत नाही. तिचा कोंब बुडाशी, जमिनीलगत असतो. म्हणून ढोरानं वरचं पान खाल्लं तरी गवत मरत नाही, उलट नवं पान फेकतं. हे नवं पान फेकायला लागणारी शिदोरी ते आधी साठवलेल्या अन्नातून, म्हणजे मुळांतून आणि बुडातून उचलतं. पुढं पान मोठं झालं की उन्हात अन्न तयार करतं आणि उचललेलं परत भरतं. या परतफेडीला पावसाळ्यात काही आठवडे लागतात. परतफेड व्हायच्या आतच कोवळं पान पुन्हा ओरबाडलं गेलं तर गवत मुळं आखडतं. असं तीन-चार वेळा झालं की गड्डा दिसायला हिरवा असतो, पण आतून दिवाळखोर झालेला असतो. मग एखाद्या श्रावणात पावसानं पंधरा दिवस दडी मारली की तो उठतच नाही.

दाबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी देशभरातली गवतं अभ्यासून १९७३ मध्ये भारताच्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रमुख प्रकार मांडले. त्यातल्या सर्वांत विस्तृत प्रकारात आपलं दख्खनचं पठार येतं आणि त्याची ओळख दोन गवतांवर ठरली आहे: पवना आणि मारवेल. म्हणजे वऱ्हाडच्या माळाचं मूळ धन हीच दोन गवतं. दोन्ही बहुवर्षायू, ढोरांना आवडणारी. मुरमाड उतारावर पवना येतो. मारवेल काळ्या मातीत, धुऱ्यावर आणि नाल्याच्या काठानं पसरतं.

ढोरं जे आवडतं ते आधी खातात, त्यामुळे बेसुमार चराईत पहिला बळी याच दोघांचा जातो. मग कुसळी वाढते. ती कोवळी असताना चालते, पण पक्व झाली की तिची टोकदार कुसळं मेंढीच्या लोकरीत शिरतात, ढोरांच्या तोंडाला जखमा करतात आणि माणसाच्या धोतरातून पायाला टोचतात. कुसळीही संपली की हलकी, एकाच पावसाळ्यात येऊन जाणारी गवतं उरतात. त्यानंतर तरोटा, रानतुळस आणि घाणेरी येतात. हा एक जिना आहे आणि माळावर उभं राहून आपण कितव्या पायरीवर आहोत हे कोणालाही ओळखता येतं. पवना अधूनमधून दिसत असेल तर नुसत्या राखणीनं माळ सुधारतो. तरोट्यापर्यंत उतरलो असलो तर तण उपटावं लागतं आणि गवताचं बी किंवा ठोंब लावावे लागतात.

उन्हाळ्यात कुसळी पेटवून देण्याची रीतही याच जिन्यावरून खाली नेणारी आहे. जाळल्यावर हिरवी पालवी लवकर फुटते हे खरं. पण मातीवरचं काडीकचऱ्याचं पांघरूण जळतं आणि मिरगाचा पहिला पाऊस उघड्या जमिनीवर कोसळतो. मुरमाच्या वरची माती काही बोटं जाड असते. ती नाल्यात गेली की कोणतीही योजना ती परत आणून देत नाही.

किती ढोरं, किती दिवस

आता थोडा हिशेब. जनावर रोज आपल्या वजनाच्या सुमारे अडीच टक्के कोरडा चारा खातं. ३०० किलोच्या गाईला म्हणजे दिवसाला साडेसात किलो आणि वर्षाला जवळजवळ २.७ टन. ओरबाडलेल्या माळावर हेक्टरी एक-दीड टन वाळलेलं गवत निघतं असं धरू. त्यातलं निम्मं गवताच्या स्वतःसाठी आणि मातीसाठी सोडलं पाहिजे. निम्मं खायचं, निम्मं ठेवायचं, हा कुरणाचा जुना नियम. म्हणजे दीड टनातलं पाऊण टन हाती आलं. या मापानं एका गाईला वर्षभर साडेतीन हेक्टरांहून जास्त माळ लागतो. तोच माळ राखून हेक्टरी तीन-साडेतीन टनांवर आणला तर दीड-पावणेदोन हेक्टरांत एक गाय निभते. जमीन वाढली नाही, ढोरं कमी केली नाहीत, तरी चारा दुप्पट झाला.

हे साधायचं कसं, याचं एक उत्तर फ्रान्समधून आलं. आंद्रे व्वाझाँ हे तिथले पशुपालक आणि अभ्यासक. आपल्या गाई कुरणात कशा चरतात हे त्यांनी तासन्‌तास निरखलं आणि १९५७ मध्ये गवताच्या उत्पादकतेवर पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की कुरण बिघडतं ते ढोरांच्या संख्येपेक्षा वेळेमुळे. ढोरं एका जागी किती दिवस राहिली आणि तिथं किती दिवसांनी परत आली, यावर गवताचं जगणं ठरतं. शंभर ढोरं दोन दिवस चरून महिनाभर फिरकली नाहीत तर गवत उठतं. दहाच ढोरं रोज त्याच जागी फिरत राहिली तर गवत मरतं. आमचा गायकी हेच सांगत होता.

म्हणून ई-क्लासाचे चार-पाच भाग करावेत आणि खांड आळीपाळीनं फिरवावी. भाग पाडायला तारेचं कुंपण लागत नाही. नाला, गाडवाट, दगडांची ओळ या हद्दी पुरतात. पाऊस पडताच ढोरं सोडू नयेत, गवत चांगलं वीतभर होऊ द्यावं. दरवर्षी एक भाग पूर्ण पावसाळा बंद ठेवावा, बी पिकून गळू द्यावं आणि मगच कापावं. पुढच्या वर्षी दुसरा भाग बंद. पाच वर्षांत सगळ्या माळाला आपल्या बियांतून उठायची एकेक संधी मिळते.

कापायचीही वेळ असते. गवत फुलोऱ्यात असताना त्यात सत्त्व सर्वांत चांगलं असतं. दसरा-दिवाळीपर्यंत थांबलं तर वजन वाढतं, पण काडी कडक होते. म्हणून बियांसाठी राखलेला भाग उशिरा आणि चाऱ्यासाठीचा भाग फुलोऱ्यात कापावा. ढोराच्या तोंडात पडणारी शक्ती या आठ-पंधरा दिवसांच्या फरकावर ठरते.

ज्यांनी राखलं, त्यांचं उठलं

हे आपल्याकडे होत नाही, असं म्हणणाऱ्यानं अचलपूर तालुक्यातलं पायविहीर पाहावं. मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या या छोट्या गावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये सुमारे १९० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तो डोंगर तेव्हा उजाड होता. परतवाड्याच्या ‘खोज’ संस्थेच्या सोबतीनं ग्रामसभेनं नियम केले, कुऱ्हाड आणि मोकाट चराई आवरली, उतारावर चर खोदले, झाडं लावली. डोंगर सावरला आणि तिथलं सीताफळ बाजारात विकलं जाऊ लागलं. उपातखेडा, खतिजापूर, नयाखेडा ही आसपासची गावंही याच वाटेवर आली. यात नवं तंत्र काहीच नव्हतं. हा डोंगर आपला आहे आणि त्याचं गवत-लाकूड कधी घ्यायचं हे आपण मिळून ठरवणार, ही खात्री तेवढी नवी होती. ज्या कुरणाचा निर्णय गावाच्या हाती नाही, ते कुरण गाव राखत नाही.

अकोला आणि वाशीम जिल्ह्यांत माळ राखण्याचं काम फासेपारधी वस्त्यांनी केलं आहे. शिकारीवर जगणाऱ्या या समाजाला गवत आणि गवतातला पक्षी जितका कळतो तितका क्वचितच कोणाला कळत असेल. कारंजा (लाड) इथल्या ‘संवेदना’ संस्थेबरोबर त्यांनी आपल्या या ज्ञानाला राखणीचं रूप दिलं. अकोल्यातल्या वडाळ्याचं नाव या कामात घेतलं जातं. तणमोर हा अतिशय दुर्मीळ पक्षी पावसाळ्यात उंच गवतातच अंडी घालतो. माळ कधी राखायचा आणि कधी मोकळा करायचा, याचं वेळापत्रक त्या पक्ष्याला आणि ढोरांना एकाच वेळी उपयोगी पडतं. पावसाळ्यात गवत राखलं तर तणमोराचं घरटं वाचतं आणि शेतकऱ्याची गंजीही भरते.

तिसरं उदाहरण मेळघाटातलं. व्याघ्र प्रकल्पातून बोरी, कोहा, कुंड ही गावं या शतकाच्या सुरुवातीला अकोटकडे पुनर्वसित झाली. गाव सोडणाऱ्यांच्या वाट्याला आलेले कष्ट हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण त्यांच्या मोकळ्या झालेल्या वावरांचं काय झालं, हे कुरणाच्या दृष्टीनं शिकण्यासारखं आहे. गवतांचे अभ्यासक प्रा. गजानन मुरतकर यांच्या मार्गदर्शनाखाली तिथं तरोटा आणि रानतुळस काढून स्थानिक गवतं वाढवण्यात आली. पडीत वावराचं कुरण करता येतं, मात्र त्यासाठी तण निवडून काढावं लागतं आणि गवताचं बी हातानं गोळा करावं लागतं, हे तिथं दिसलं. ई-क्लासावर गावालाही हेच करता येईल. पवन्याचं आणि मारवेलाचं बी बाजारात शोधायची गरज नाही. ते आपल्याच धुऱ्यावर दिवाळीच्या आसपास पिकतं.

ज्वारी गेली, कडबा गेला

कुरण कितीही सुधारलं तरी वऱ्हाडातलं ढोर नुसत्या माळावर कधीच जगलं नाही. त्याचं अर्धं पोट वावरानं भरलं. कापूस आणि ज्वारीची फेरपालट, मधे तुरीची तासं, रब्बीला हरभरा, अशी आपली जुनी घडी होती. माणसाला भाकर आणि ढोराला कडबा ज्वारीच देत असे. तुरीचं आणि हरभऱ्याचं कुटार म्हणजे दुभत्या जनावराचा मेवा. सरकीची ढेप गावच्या घाणीवरून यायची. ढोरं हे सगळं खाऊन शेण द्यायची आणि ते उन्हाळ्यात बैलगाडीनं वावरात जायचं.

१९९० नंतर सोयाबीन आलं आणि ही घडी बदलली. सोयाबीननं हातात लवकर पैसा दिला, त्याचं कुटारही ढोरं खातात. पण त्यानं ज्वारीची जागा घेतली आणि ज्वारीबरोबर कडबा गेला. कडबा कमी झाला म्हणून ढोरं कमी झाली, ढोरं कमी झाली म्हणून शेणखत कमी झालं आणि शेणखताअभावी जमीन पाणी धरेनाशी झाली. साखळीचा एक दुवा निघाला आणि बाकीचे आपोआप सैल झाले.

शेणखताचाही हिशेब पाहू. एक जनावर दिवसाला दहा-एक किलो ओलं शेण देतं. वर्षाचं साडेतीन टन होतं आणि कुजल्यावर हाती निम्म्याच्या आसपास उरतं. हेक्टरी ५ टन शेणखत द्यायचं तर हेक्टरामागे तीन जनावरं हवीत. या ५ टनांतून पिकाला साधारण २५ किलो नत्र मिळतं. एवढ्यानं पिकाची सगळी गरज भागत नाही. शेणखताची खरी कमाई मातीच्या घडणीत आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. खारपाणपट्ट्यात तर क्षारांमुळे पाणी मुरतच नाही आणि विहिरीचं पाणी पिकालाही नको, ढोरालाही नको. अशा मातीत कुजलेलं खत कण एकत्र बांधतं आणि पावसाला आत शिरायला जागा करतं. तिथल्या शेतकऱ्याला शेततळं जितकं गरजेचं, तितकाच उकिरडाही. तो सावलीत, खड्ड्यात आणि मातीनं झाकलेला असावा. उघड्यावर उन्हात वाळलेल्या शेणातलं नत्र हवेत उडून जातं आणि गोठ्यातलं मूत्र मातीत वाया गेलं तर आणखी मोठा भाग गमावला जातो. गोठ्यात कुटाराचा थर पसरला तर तो मूत्र शोषतो आणि सकाळी तोच खतात जातो.

अमरावतीचे सुभाष पाळेकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. एका देशी गाईच्या शेण-मूत्रावर तीस एकर शेती करता येते, हे त्यांचं सूत्र गावोगावी पोचलं आहे. त्याच्या परिणामांवर शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत. पण ज्याला हे सूत्र पटतं त्यालाही आणि ज्याला पटत नाही त्यालाही एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: ती गाय वर्षभर काय खाणार? गाय आली की गवत आलंच पाहिजे.

उत्तरं वावरातच आहेत. सोयाबीनच्या सगळ्या क्षेत्रात नाही, पण एक-दोन एकरांत ज्वारी परत आणता येते. कोरडवाहू ज्वारी एकरी दोन टन कडबा देत असेल तर ती एका गाईची नऊ महिन्यांची वैरण झाली. मात्र कापलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे ढोरांना चारू नयेत. त्यांच्यात विष तयार होतं आणि किराळ लागून जनावर तासाभरात दगावतं. पाणी असेल तर चार गुंठ्यांत संकरित नेपियर लावावं आणि त्याच्या जोडीला दशरथ घास किंवा चवळी. मका दाणा चिकात असताना कापून, बारीक कुट्टी करून, हवा राहणार नाही अशी दाबून झाकली की दीड-दोन महिन्यांत मुरघास तयार होतो. वैशाखातही ढोरापुढं ओली वैरण टाकता येते.

निकृष्ट कुटाराचंही सत्त्व वाढवता येतं. १०० किलो सुक्या वैरणीवर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पुरता विरघळवून शिंपडावा, थर दाबून हवाबंद झाकावा आणि २१ दिवसांनी उघडावा. उघडल्यावर वास जाईपर्यंत पसरून ठेवावं आणि सुरुवातीला थोडं थोडं द्यावं. सहा महिन्यांखालच्या वासरांना ते देऊ नये. युरिया थेट खाऊ घालणं जिवावर बेततं, म्हणून माप चुकवू नये.

पऱ्हाटीच्या वावराचं ढोरांशी एक जुनं नातं आहे आणि ते आज नव्यानं कामाचं ठरतं आहे. वेचणी संपल्यावर वावरात शेळ्या-मेंढ्या बसवायची पद्धत होती. धनगर किंवा काठेवाडी आपला कळप रात्री वावरात बसवत आणि शेतकरी त्यांना धान्य नाहीतर पैसे देई. एका रात्रीत लेंडी आणि मूत्र जागच्या जागी पडे, वाहतुकीचा खर्च नाही. गुलाबी बोंडअळीच्या बंदोबस्तासाठी कृषी शास्त्रज्ञ आज हाच सल्ला देतात. फरदड घेऊ नका, हंगाम संपताच वावरात मेंढ्या सोडा. उरलेली किडकी बोंडं त्या खातात आणि अळीला पुढच्या हंगामापर्यंत लपायला जागा राहत नाही. फक्त शेवटच्या फवारणीनंतर पुरेसे दिवस गेले आहेत ना, हे पाहूनच कळप आत घ्यावा.

आणि धुरा. नांगराच्या प्रत्येक फेरीत आपण धुरा बोटभर कोरत आलो. जुना धुरा चार-पाच हात रुंद असायचा. त्यावर मारवेल असायचं, बाभळीची सावली असायची आणि शेळीला शेंगा मिळायच्या. दोन एकरांच्या वावराचे धुरे नीट राखून तिथं मारवेलाचे ठोंब लावले तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत एका गाईच्या ओल्या वैरणीचा मोठा वाटा तिथूनच निघतो. वर वाहून जाणारी माती अडते ती वेगळीच.

मातीला मानवेल असं जनावर

चारा आणि जनावर यांचं माप जुळलं पाहिजे. भरपूर हिरवा चारा आणि पाणी लागणारं संकरित जनावर खारपाणपट्ट्यात आणलं की त्याचा खर्च त्याच्या दुधाला गिळतो. पूर्णेच्या काठच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पूर्णाथडी म्हैस पाळली. रंगानं भुरकट, इथल्या उन्हाला आणि कडब्या-कुटाराला सरावलेली. अकोला, अमरावती आणि बुलढाणा भागातल्या या म्हशीची २०२३ मध्ये देशाच्या अधिकृत जातींत नोंद झाली. लांब तलवारीसारख्या शिंगांची नागपुरी म्हैस तर जुन्या नोंदींत एलिचपुरी, म्हणजे अचलपूरची म्हणून ओळखली जाते. बेरारी शेळीच्या नावातच वऱ्हाड आहे. ही जनावरं रोज बादलीभर दूध देत नसतील. पण आपल्या माळावर, आपल्या कुटारावर ती उन्हाळा काढतात आणि दुष्काळी साली मालक ती विकून मोकळा होत नाही. जमिनीला परवडेल एवढंच आणि तिला मानवेल असंच जनावर ठेवणं, हा शाश्वत पशुपालनाचा अर्धा भाग आहे.

या मातीतल्या थोर माणसांनाही हे जवळून माहीत होतं. गाडगे महाराजांचं बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाची ढोरं राखण्यात गेलं. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गोवंश-सुधाराला एक पूर्ण अध्याय दिला. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ पासून ज्यांच्या नावानं उभं आहे, ते पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. ढोर, माती आणि माणूस यांचा विचार एकत्र करण्याची परंपरा आपल्याकडे आहे. ती हातात घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

येत्या मिरगापर्यंत

सुरुवात लहान असावी. गावानं ई-क्लासाचा नकाशा तलाठ्याकडून काढून हद्द पायांनी फिरून पाहावी. त्यातला पाच-दहा एकरांचा एकच तुकडा ग्रामसभेच्या ठरावानं येत्या पावसाळ्यात राखावा. आषाढ-श्रावणात तरोटा फुलोऱ्यावर यायच्या आत उपटावा, कारण एकदा शेंगा वाळल्या की बी पुढची कित्येक वर्षं मातीत टिकतं. राखण कोण करणार, गवत कोणाला किती आणि भूमिहीनाच्या शेळीला वाटा काय, हे कापणीच्या आधी ठरवावं. नियम आधी ठरले नाहीत तर गवत तयार झालं की भांडण उभं राहतं आणि दुसऱ्या वर्षी राखण होत नाही. शेतकऱ्यानं आपल्या पातळीवर एक धुरा रुंद करावा, एक एकर ज्वारीला द्यावा, उकिरडा सावलीत न्यावा. आणि जमलं तर गावानं मिळून पुन्हा एक गायकी ठेवावा. त्याला मान आणि बरा मेहनताना द्यावा. कारण कुठलं गवत उठलं आणि कुठलं उठायचं आहे, हे रोज चालून पाहणारा डोळा कुठल्याही यंत्रात नाही.

पहिल्या वर्षी राखलेल्या तुकड्यात फार काही दिसणार नाही. तरोटा कमी होईल, कुसळी दाटेल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुसळीच्या मधून पवन्याचे लालसर तुरे डोकावू लागतील. त्या दिवशी कुदळ घेऊन जा, एक गड्डा खणा आणि मुळांना अडकलेली माती झटकून पाहा. ती सुटली नाही, तर समजा, गवत उठलं.